शर्यत संपल्यावरचं औक्षण

लग्नानंतर गृहप्रवेशाच्या वेळी सासूबाईंनी मला उंबऱ्यावर ओवाळलं होतं. त्यानंतर त्या मला ओवाळायला उभ्या राहिल्या त्या थेट ग्रेटर नोएडात, डांबरी रस्त्यावर, कर्कश लाउडस्पीकरखाली. आणि मी त्यांचं ताट हाताने मागे सारलं. गेल्या फेब्रुवारीतली गोष्ट आहे. आठवली की अजून कानशिलं तापतात.

पन्नाशीच्या तोंडावर मला हे वेड लागलं. मेट्रोचा जिना चढताना धाप लागायची आणि मागून कोणीतरी ‘आंटी, साइड’ म्हणून पुढे जायचं, त्याचा राग होता. फरीदाबादला आमच्या सेक्टरच्या क्लबात पोहण्याचा तलाव आहे, तिथे जाऊ लागले. मग रविवारी सायकल चालवणारा एक ग्रुप भेटला. सगळे माझ्यासारखेच पोट सुटलेले, पण हौस दांडगी. त्यांनीच माझ्या डोक्यात ट्रायथलॉन भरवलं. एकाच दिवशी आधी दोन किलोमीटर पोहायचं, लगेच नव्वद किलोमीटर सायकल आणि लगेच एकवीस किलोमीटर पळायचं. याच्या दुप्पट करणारेही असतात म्हणे. मला हेच डोक्यावरून पाणी होतं.

सासूबाई आमच्याजवळच असतात. पहाडगंजच्या मराठी शाळेत शिकवून निवृत्त झालेल्या, आवाज अजून वर्गातलाच. शर्यतीत तिन्ही प्रकारांना एकच घट्ट कपडा घालतात, त्याला ट्रायसूट म्हणतात. तो घरी आला तेव्हा त्यांनी चष्मा लावून उलटासुलटा करून पाहिला.

“हे घालून चार लोकांत जाणार तू?”

“आई, तिथे सगळ्याच घालतात.”

“सगळ्यांच्या सासवा विचारत नसतील.”

आमच्यात भांडण असं कधी झालं नाही, पण दोघींमध्ये कायम एक हात अंतर राहिलं. त्याचं खापर मी त्यांच्या सोवळ्यावर फोडत असे. आपले कपडे त्या स्वतः धुतात, वेगळ्या निळ्या बादलीत. मशीनमध्ये टाकायचे नाहीत, बाईला द्यायचे नाहीत, मी हात लावायचा नाही. बाकी देवपूजेचं तसं काही अवडंबर नाही, पण कपड्यांचा मात्र हा सोहळा. शिवाय घर सोडून कुठे जायचं नाही. मंडळाचा गणपती नाही, हळदीकुंकू नाही, नातीचा पदवीदान समारंभसुद्धा नाही. “मला प्रवास सोसत नाही,” एवढंच उत्तर. मी पुण्याच्या बहिणीला फोनवर त्यांची नक्कल करून दाखवायचे. म्हणायचे, आमच्याकडे बादलीलासुद्धा सोवळं आहे. बहीण पोट धरून हसायची.

खरं तर हसायचा अधिकार मला नव्हता. दुसऱ्या बाळंतपणानंतर मी जोरात शिंकले, हसले किंवा पळाले की लघवी निसटायची. वर्षांमागून वर्षं हे चाललं होतं. डॉक्टरकडे जायला हवं होतं, गेले नाही. नवऱ्याला सांगायला हवं होतं, सांगितलं नाही. सरावाला निघताना पॅड, परत आल्यावर पहिली आंघोळ, असं सगळं गुपचूप बसवून टाकलं होतं. ट्रायसूट काळाच घेतला, तो रंग शोभतो म्हणून नव्हे.

शर्यतीच्या दिवशी पोहणं छान झालं. पाण्यात मला कसलीच भीती नसते, सगळे ओलेच. सायकलीवर समोरून वारा होता आणि दोन्हीकडे मोहरीची शेतं. परतीच्या टप्प्यात मांड्या भरून आल्या, तरी मी मजेत होते. ग्रुपमधला एक जण मागून ओरडला, “बस, अब तो भागना ही बाकी है.” त्याला काय माहीत, माझं सगळं भय त्या भागण्यातच होतं.

पळायच्या रस्त्यावर प्लास्टिकच्या संडासांची रांग होती. मी दर फेरीला तिथे थांबले. पण थकलेल्या शरीराला लाज नसते. शेवटच्या फेरीच्या आधी एका उतारावर जे व्हायचं ते झालं, आणि थोडंथोडकं नव्हे. पॅड केव्हाच फुगून निकामी झालं होतं. गरम धार मांडीवरून मोज्यात उतरली. मी पन्नाशीची बाई, ऑफिसात माझ्या हाताखाली माणसं आहेत, आणि भर दुपारी रस्त्यावर उभी राहून मी लहान पोरीसारखी ओली झाले होते. रडू आलं. पुढच्या टेबलावरून पाण्याच्या बाटल्या घेतल्या आणि डोक्यापासून पायांपर्यंत ओतून घेतल्या. उन्हात सगळेच तसं करतात, त्यामुळे कोणाला काही कळलं नाही. पाणी देणारी मुलगी उलट म्हणाली, “मॅम, यू आर डूइंग ग्रेट.”

सोडून द्यावं असं मनात आलं होतं. पण सोडलं तर गाडी येणार, गाडीत बसावं लागणार, सीट खराब होणार. म्हणून पळत राहिले. लोक मला नंतर जिद्दीची म्हणाले. ती जिद्द अशी होती.

शेवटच्या वळणावरून कमान दिसली. माइकवाल्याने माझा नंबर पुकारला. घरून नवरा आणि लेक येणार होते, ते माहीत होतं. पण कमानीच्या पुढे त्या दोघांच्या मध्ये सासूबाई उभ्या होत्या. अंगावर ठेवणीतली नारायणपेठी, हातात घरचं स्टीलचं ताट. ताटात कुंकू, अक्षता, सुपारी, त्यांची अंगठी आणि निरांजन. वाऱ्याने ज्योत विझू नये म्हणून लेकीने पुठ्ठा आडवा धरला होता. बाजूचे लोक मोबाइल काढून उभे होते. ग्रुपमधलं कोणीतरी म्हणालं, “अरे वाह, मम्मीजी आरती लेकर आई हैं!”

गळ्यात पदक पडलं. मी चार पावलं पुढे गेले आणि सासूबाईंनी कुंकवाचं बोट उचललं. त्या क्षणी मला माझाच वास आला. मोज्यात चिकट ओल होती. आणि समोर निरांजन. लहानपणापासून शिकवलेलं सगळं एकदम अंगावर आलं. या अवस्थेत आपण देवाच्या खोलीत पाऊल टाकत नाही, आणि इथे हे ताट, या बाईच्या हातचं. त्यांना वास आला तर? एवढ्या माणसांत?

“नको आई,” मी म्हणाले. “आत्ता नको. घरी.”

त्या आणखी एक पाऊल पुढे आल्या. “अगं, एक मिनिटाचं काम...”

“नको म्हटलं ना!”

माझा हात वर गेला आणि ताटाला लागला. निरांजन कलंडलं, विझलं, तूप त्यांच्या पदरावर सांडलं. माइकवालासुद्धा थांबला. सासूबाईंनी पडलेली वात उचलून ताटात ठेवली. “बरं,” एवढंच म्हणाल्या, आणि आजूबाजूच्या माझ्या इंग्रजी बोलणाऱ्या मंडळींकडे एकदा बघून खाली बघू लागल्या. त्यांना काय वाटलं ते मला लख्ख कळलं. आणि ते खोटं आहे हे सांगायचं, तर खरं काय ते सांगावं लागलं असतं.

गाडीत मी टॉवेल अंथरून मागे बसले. सासूबाई पुढे, ताट मांडीवर घट्ट धरून. नवरा आरशातून म्हणाला, “एवढं काय झालं होतं यार? ती स्वतःहून म्हणाली, मी येते. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.”

लेक म्हणाली, “आणि आजीने सकाळपासून पाणी पण नाही पिलं. मी किती बोलली तिला. बिल्कुल नाही ऐकलं.”

“सोड ना,” सासूबाई म्हणाल्या. “दमलीये ती.”

फरीदाबाद जवळ आलं. पदक माझ्या गळ्यात होतं. ते काढून पिशवीत टाकलं.

घरात शिरल्याबरोबर सासूबाई थेट बाथरूममध्ये गेल्या. त्या बाहेर आल्यावर मी आत घुसले, अंगावरचं ओरबाडून काढलं, आंघोळ केली, कपडे घातले. मग ट्रायसूट कुठे भिजवावा म्हणून बघते तो कोपऱ्यात निळी बादली भरलेली. पाण्यात नारायणपेठी होती. तुपाचा डाग, माझ्यामुळे. ठेवणीतली साडी त्यांनी अशी कधीच पाण्यात घातली नसती. डाग निघतो का बघावं म्हणून मी पहिल्यांदाच त्या बादलीत हात घातला. साडीखाली परकर होता. परकराखाली घडी घातलेली जुनी सुती फडकी होती, एकात एक शिवलेली, जाड. माझ्या हाताला ती ओळखीची वाटली. बाळंतपणात मीही असलीच वापरली होती.

कडी लावायची राहिली होती. सासूबाई दारात उभ्या होत्या. बादली न्यायला आल्या असाव्यात. त्यांनी माझा पाण्यातला हात पाहिला आणि त्यांचा चेहरा असा झाला, जसा माझा त्या उतारावर झाला असेल.

मी आधी बोलले. मीच आधी बोलायला हवं होतं. “आई, मी तुमची लाज वाटून ताट ढकललं नाही. मी ओली होते. पाण्याने नव्हे. पळताना झालं. तशा अंगाने कसं ओवाळून घेणार होते मी?”

मला वाटलं, आता नाक मुरडतील. मग दाराला धरून सावकाश आत आल्या, मागे कडी लावली, आणि वर्गातला आवाज अगदी खाली आणून म्हणाल्या, “आणि मी तिथे ताट घेऊन उभी होते, तेव्हा मी तरी कुठे कोरडी होते?”

मंडळाचा गणपती, हळदीकुंकू, नातीचा पदवीदान समारंभ, सगळं माझ्या डोळ्यांपुढून गेलं. फोनवरची नक्कलही गेली. बहिणीचं ते हसणं मला बाथरूममध्ये ऐकू येत होतं. वर बघायचं धैर्य होईना. ट्रायसूटचा बोळा पाठीमागे लपवून मी तशीच उभी राहिले.

त्यांनी पायाने निळी बादली माझ्याकडे सरकवली.

“घाल यातच,” म्हणाल्या.