श्राद्धाच्या दिवशीची गोळी

दिनू गेला हे मला त्याच्या मुलाने, श्रीधरने, फोन करून सांगितलं. मी तेव्हा इथे काशीतच, चौखंब्याला भाजी घेत होतो. पिशवी भाजीवालीकडेच ठेवून बालाजी घाटाच्या गल्लीत त्याच्या घरी पोचलो, तर ओट्यावर आमच्यातले चार-पाच मराठी बुजुर्ग आधीच येऊन बसलेले. त्यातले एक मला म्हणाले, "काय निष्ठा हो. शेवटपर्यंत नेम मोडला नाही." बाकीच्यांनी माना डोलावल्या. मला किळस आली. दुःख नंतर आलं, आधी किळस आली, आणि दीड महिना झाला तरी ती गेलेली नाही. म्हणून हे लिहितोय.

दिनू माझा शाळेपासूनचा मित्र. मी रेल्वेच्या कचेरीत चिकटलो, तो घरच्या भिक्षुकीत. महाराष्ट्रातून काशीला श्राद्ध करायला येणाऱ्यांकडे पितरांच्या जागी बसून जेवायचं, हे त्याचं मुख्य काम. आणि त्यात तो महाकडक. सकाळपासून पोटात काही नाही, दुपारी पानावर बसायचं, आणि एकदा उठलं की दुसऱ्या दिवसापर्यंत तोंडात कण घालायचा नाही. बाकीचे चहा ढोसून येतात हे सगळ्यांना ठाऊक. त्यामुळे पुण्या-नागपूरची माणसं फोनवरच विचारायची, "दिनकरशास्त्रीच मिळतील ना?" ह्याला ते फार आवडायचं. आवडत नाही असं दाखवायचा, पण मला कळायचं.

साठीला आला आणि रक्ताचा कॅन्सर निघाला. हॉस्पिटलात मीच बरोबर होतो. डॉक्टर तरुण होते, शांतपणे समजावत होते. हा प्रकार सावकाश वाढणारा आहे, गोळीने ताब्यात राहतो. रोज एक, ठरलेल्या वेळी, खाल्ल्यावर, भरपूर पाण्याबरोबर. बरं वाटलं म्हणून सोडायची नाही. रक्त तपासत राहायचं. चकोतरा, म्हणजे आपलं पपनस, खायचा नाही, त्याने गोळीचा असर बिघडतो. ते ऐकून दिनू एकदम खुलला. वर्ज्य म्हटलं की ह्याला बरोबर कळायचं. चकोतऱ्याची फोड त्याने पुन्हा तोंडाला लावली नाही. मी मनात म्हटलं, वाचला हा.

पण सकाळी खाऊन गोळी घ्यायची, तर श्राद्धाच्या दिवशी कशी घेणार? उपाशीपोटी घेतली की ओकारी यायची. मी म्हटलं, "अरे, पानावरच घे ना. दोन घास खा, गोळी गीळ, पुढे जेव." एकदा त्याने ते केलंही. एका यजमानांच्या मुलाने पाहिलं आणि तिथेच म्हणाला, "शास्त्रीबुवा, आमच्या वडिलांच्या पानावर हे औषधबिषध नको." दिनूने हातातली गोळी परत खिशात टाकली आणि मुकाट्याने जेवला. हे त्याने मला हसत सांगितलं. त्या गृहस्थाचं तोंड मी पाहिलेलं नाही हेच बरं.

पितृपक्षात तर रोजचीच पानं. मग ह्याने काय करावं? संध्येची वेळ टळली तर प्रायश्चित्त म्हणून एक अर्घ्य जास्त देतात ना, तोच न्याय त्याने गोळीला लावला. चुकलेली गोळी दुसऱ्या दिवशी दोन घेऊन भरायची. चार चुकल्या तर पुढे चार दिवस दोन-दोन. काशीतला एवढा शिकलेला माणूस, आणि मला हे किती समाधानाने सांगितलं. मी शिव्या घातल्या. तो म्हणाला, "बापू, तुला कर्म कळत नाही." त्या वर्षी पितृपक्ष संपल्यावर आठ-दहा दिवसांत त्याचे डोळे सुजले, पाय सुजले, उलट्या थांबेनात, आणि आम्ही त्याला रिक्षात घालून नेलं. डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं. रागावले नाहीत. म्हणाले, "पंडितजी, जो छूट गई सो छूट गई. अगली अपने टाइम पर, एक ही. लेकिन छोड़िए मत."

दिनूने ह्यातलं अर्धंच ऐकलं. दोन-दोन घेणं बंद केलं, चुकवणं नाही. कोणाला नाही म्हणणं त्याला जमेना, आणि त्याला नको म्हणायला कोणी तयार नव्हतं. गल्लीत सगळ्यांना त्याचा आजार माहीत होता. तरी घरोघरी तिथी आली की दिनूच हवा... अशाने दोन वर्षांत तो आजार गोळीला जुमानेनासा झाला. डॉक्टरांनी दुसरं औषध दिलं, तोवर उशीर झाला होता. मला यजमानांचा संताप येतो, ओट्यावरच्या म्हाताऱ्यांचा येतो, आणि दिनूचाही येतो. कडक म्हणवून घेण्यासाठी माणूस जीव देतो, आणि आपण त्याला निष्ठा म्हणायचं. थू असल्या निष्ठेवर.

परवा श्रीधरची बायको मेघा एक डबा घेऊन आली. "काका, बाबांच्या ह्या जुन्या दवाया उरल्यात. निर्माल्याबरोबर गंगाजीत सोडू का?" मी म्हटलं, "नको गं बाई. पाण्यात नाही, कचऱ्यातही नाही. आणल्या तिथे हॉस्पिटलात परत देऊ." डबा ठेवून ती गेली. आत पाकिटं होती, बहुतेक रिकामी, मधेच एखादी गोळी तशीच राहिलेली. राहिलेल्या प्रत्येक गोळीच्या पाठीवर, चंदेरी कागदावर, बारीक अक्षरात तिथी आणि घर. भरपाईची सोय म्हणून पूर्वी लिहीत असेल, पुढे सवय राहिली. चष्मा लावून मी एकेक नाव वाचत गेलो. ओट्यावरचे तिघे त्यात होते. मी मोठ्याने हरामखोर म्हणालो.

पुढच्या पाकिटावर होतं, भाद्रपद वद्य दशमी, बापूकडे.

माझ्या वडिलांची तिथी. डॉक्टरांनी "छोड़िए मत" म्हणून सांगितलं त्याच्या पुढच्याच वर्षीची. सांगताना मी शेजारी उभा होतो. दुसरे भटजी मिळत होते, पण वडिलांसाठी मलाही कडकच हवा होता. तो आला, पानावर बसला. त्याचा रंग उतरलेला मला दिसत होता. मी आग्रह करून त्याला आणखी एक वडा वाढला.