वाटून खाल्लेल्या गोळ्या

नागपंचमीचा दुसरा दिवस. रक्कम एक लाख रुपये. हजर माणसं पाच: टोळीचा मुकादम, माझा शेजारी, त्याची बायको, माझी बायको आणि मी. जागा आमच्या घराचा ओटा, कारण शेजाऱ्याच्या घरावर तेव्हा धड पत्रे नव्हते आणि पावसाची भुरभुर चालू होती.

ही ऊसतोडीची उचल होती. आमच्या परंडा तालुक्यातून दसरा-दिवाळीच्या आगेमागे टोळ्या कर्नाटकात ऊस तोडायला जातात. नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. मुकादम आधी रक्कम देतो आणि ती हंगामातल्या मजुरीतून कापून घेतो. शेजारी आणि शेजारीण दरवर्षी जातात. मी साक्षीदार म्हणून सही केली. नोटा मी दोनदा मोजल्या, त्यावर मुकादम म्हणाला की अण्णांच्या हातून सुटलेली नोट अजून जन्माला यायची आहे. त्यातून घरावर पत्रे आले, पोरीची कॉलेजची फी गेली, वीस हजार डब्यात राहिले.

गणपतीच्या दिवसांत शेजाऱ्याचा खोकला वाढला. तो मागच्या हंगामापासूनच होता, पण उसाच्या पाचटाची धूळ म्हणून कुणी मनावर घेतला नव्हता. आमच्या गल्लीत आरोग्याचं काम बघणाऱ्या आशाताईंनी त्याला परंड्याच्या सरकारी दवाखान्यात नेलं. थुंकीची तपासणी झाली आणि टीबी निघाला. औषध सहा महिने, रोज, एकही दिवस न चुकता. शेजारणीची तपासणी चांगली आली.

मुकादमाला कळलं तसा तो ओट्यावर येऊन बसला. टीबीचं औषध कुठंही मिळतं, तिकडंही दवाखाने आहेत, असं त्याचं म्हणणं. ते खोटं नव्हतं. पण टोळी एका फडावरून दुसऱ्या फडावर हलत राहते, दवाखाना कधी जवळ तर कधी वीस किलोमीटरवर, आणि एक दिवस बुडवून गोळ्या आणायला गेलं की एक दिवसाचा ऊस बुडतो. शिवाय राहायचं कोपीत. कोपी म्हणजे बांबू आणि ताडपत्रीची बुटकी खोपटी. थंडीत ती चहूबाजूंनी बंद करून आत चार-पाच माणसं निजतात. खोकणाऱ्या माणसासाठी आणि त्याच्या शेजारी निजणाऱ्यांसाठी त्याहून वाईट जागा मला सुचत नाही. हे सगळं मी मुकादमाला सांगितलं.

"अण्णा, खोकल्यानं कोयता थांबत न्हाय," तो म्हणाला. "थांबायचंच आसंल तर लाख रुपये हितं आणून ठेवा."

लाख कुठून आणायचे? शेजारी गेला तर औषध तुटणार, राहिला तर पत्रे उतरवून विकायची वेळ येणार.

या घोळात दोन आठवडे गेले. एका सकाळी आशाताई आमच्याकडं चहाला थांबल्या होत्या. बायको त्यांना हसत हसत नळावरची गोष्ट सांगू लागली. मुकादमाची आई, म्हणजे टोळीची आज्जी, तिथं सगळ्यांना सांगत होती म्हणे, की तिला कसलीशी गोळी लई लागू पडली आहे, लघवी लाल होते, म्हणजे रोग धुऊन निघतोय.

आशाताईंनी कप खाली ठेवला. लघवी लाल करणारी टीबीची गोळी गल्लीत एकाच घरात होती.

आम्ही शेजाऱ्याच्या दारात गेलो. त्यानं काही लपवलं नाही. उलट त्याला नवल वाटलं.

"रोजच्या चार गोळ्या असत्यात, ताई. दोन मी घेतो, दोन आज्जीला देतो. टोळीत एकट्यानं खायाचं असतं व्हय?"

त्याचं तसं बरोबर होतं. टोळीत भाकरी, तेल, चटणी, बाम, सगळं वाटून होतं. मागच्या हंगामात हा तापानं पडला तेव्हा आज्जीनंच त्याला पेज करून पाजली होती. तिला खोकताना बघून याच्यानं राहवलं नाही.

"भाकरी वाटा, भाऊ. गोळी नका वाटू," आशाताई म्हणाल्या. "अर्ध्या औषधानं तुम्हीबी बरे व्हायचे न्हाईत आन आज्जीबी. रोग तेवढा निबर हुईल."

आज्जीची तपासणी झाली. तिलाही टीबी. आता ही आज्जी टोळीबरोबर जाते ती कोयता धरायला नाही. सगळी मोठी माणसं फडात गेली की टोळीतली लहान पोरं दिवसभर तिच्या कोपीत असतात. हे मला मुकादमाला सांगावं लागलं नाही. तो स्वतःच ओट्यावर येऊन बसला. आई त्याच्या मागोमाग आली.

"आये, मला का बोलली न्हाईस?"

"बोलले आसते तर तू मला हितंच ठिवलं आसतंस. पोरं कुणी बघितली आसती?"

"आन आता?"

"आता तुझी बायकू बघंल. तिला कुठं काम हाय?"

मुकादमाची बायको समोरच्या दारात उभी होती. ती तशीच आत गेली, आणि मुकादम पहिल्यांदा हसला.

त्याच बैठकीत ठरलं. डब्यातले वीस हजार मुकादमाला परत. उरलेले ऐंशी पुढच्या हंगामात कापायचे, वर एक रुपया चढवायचा नाही. दसऱ्याला आज्जी आणि शेजारी दोघंही गावातच राहिले. आशाताईंनी शेजाऱ्याच्या गोळ्यांचा हिशोब डॉक्टरांना सांगून नव्यानं लावून घेतला, आणि दोघांनाही रोज डोळ्यांसमोर गिळायला लावल्या. टोळीतल्या पोरांची तपासणी झाली, आजार कुणाला नव्हता, लहानांना आजार होऊ नये म्हणून आधीच घ्यायच्या गोळ्या दिल्या. शेजारीण आमच्या सोयाबीनच्या काढणीला आणि नंतर ज्वारीला आली. शेजाऱ्यानं ताकद येईल तसं दुभत्या म्हशींकडं बघितलं. गुढीपाडव्याच्या पुढं दोघांच्याही शेवटच्या तपासण्या चांगल्या निघाल्या. आज्जीनं नळावर तेही सगळ्यांना सांगितलं.

पुढच्या दसऱ्याला टोळी निघायच्या आधी मुकादमानं सगळ्यांना जीपमध्ये घालून परंड्याला थुंकी तपासायला नेलं. दोन फेऱ्या लागल्या. कुणी सांगितलं म्हणून नाही, त्याचं त्यानं ठरवलं. भाडंही त्यानंच भरलं.

हंगाम उरकून टोळी परतल्यावर हिशोब पुन्हा आमच्याच ओट्यावर झाला. माणसं तीच पाच, आणि सहावी आज्जी. जुन्या उचलीचे ऐंशी हजार शेजारी-शेजारणीच्या मजुरीतून कापले गेले. उरलेले एकतीस हजार मुकादमानं शेजारणीच्या हातात दिले. या वेळी नोटा तिनं मोजल्या.