रजिस्टरातली खुशाली

लालासाहेबांना कारकून म्हटलेलं खपत नसे. अहो, वीस वर्षं फौजेच्या इस्पितळात पेशंटांच्या नाड्या मोजलेला माणूस तो! साताऱ्याजवळच्या आपल्या गावी पेन्शन घेऊन गप बसायचं सोडून सांगलीला आले आणि डॉक्टर चंदनाबाईंचं रजिस्टर सांभाळू लागले. हृदयाला जन्मतःच भोक असलेली, रडताना निळी पडणारी पोरं तिथं ऑपरेशनला यायची. प्रत्येक पोराची एक ओळ: नाव, गाव, दुखणं, ऑपरेशन कसं झालं, नंतर नाडी कशी चालली. शेवटचा रकाना वर्षानंतरचा.

"पोरगं टेबलावरून जिवंत उठलं एवढ्यावर भागत नाही," बाई म्हणायच्या. "पुढं काय झालं ते कळलं, तरच पुढच्या पोराला काय करायचं ते कळेल."

त्यासाठी घरोघर जोडकार्ड जायचं. एक वाचायचं, दुसऱ्यावर पोराची हकिगत लिहून पेटीत टाकायची. निम्मी कार्डं परत यायचीच नाहीत, आणि तिथंच माशी शिंकली. लालासाहेबांच्या गावात घरटी एक माणूस फौजेत. लेक सरहद्दीवर असला की चार-चार महिने पत्र नसायचं, तरी आई निवांत भाकरी थापायची. तार आली नाही ना? मग खुशाल आहे! हे तिथलं बाळकडूच. म्हणून कार्ड आलं नाही की हा भला माणूस शेवटच्या रकान्यात ठोकून द्यायचा: खुशाल. चार वर्षं हेच चाललं. यांनी कुणाला विचारलं नाही आणि यांनाही कुणी विचारलं नाही.

सत्त्याण्णवच्या मार्चात बाईंना परिषदेसाठी आकडे हवे होते. "इतका चांगला गुण? मला शंका येतेय," त्या म्हणाल्या आणि एखाददुसरं पोर डोळ्यांनी बघून यायला सांगितलं. लालासाहेब आटपाडीकडं निघाले. बिराप्पा, वय सहा, खुशाल.

त्याची आई हरणाबाई दारातच उभी राहिली. इस्पितळाचं नाव ऐकताच तिचा चेहरा उतरला.

"कार्ड आल्तं की. पर गेल्याल्या लेकराच्या नावाचा कागद घरात कोण ठिवतंय? फाडून टाकला."

"गेलेल्या?"

"दवाखान्यातनं आल्याव चार म्हैन्यांनी. ताप न्हाई, काय न्हाई. आदी दोन दिस नुसता गप गप हुता. मग बसल्या जागी कलंडला."

तिनं दिलेला पाण्याचा तांब्या तसाच खाली ठेवून लालासाहेब उलट्या पावली सांगलीला आले आणि बाईंना सगळं सांगून टाकलं.

बाई त्यांच्यावर ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं! महिनाभर लालासाहेबांनी न आलेल्या कार्डांची गावं पालथी घातली. आणखी दोन पोरं तशीच, बसल्या जागी गेली होती. तिघांच्या ओळी एकाखाली एक काढल्या आणि बाईंचं बोट थांबलं. तिघांचीही नाडी ऑपरेशननंतर दोन-तीन दिवस मंदावली होती, मग आपोआप सुधारली, म्हणून घरी सोडलेली. अशी मंदावलेली नाडीच पुढं दगा देते, हे एकेकट्या पोराकडं बघून कुणाच्या बापाला कळलं नसतं.

"अशी नाडी आणखी कुणाची?" बाईंनी विचारलं.

बघून यायची राहिलेली अशी एकच ओळ उरली होती. आम्रपाली, वय सात, कराड. खुशाल.

लालासाहेबांनी मिळेल ती एसटी पकडली. वाटेत इस्लामपूरला गाडी चहाला थांबली तर कंडक्टरशी भांडले. घर सापडलं तेव्हा पोरगी उंबऱ्यावर शेंगा सोलत बसली होती. जिवंत होती! म्हाताऱ्याच्या डोळ्यांत पाणीच आलं.

"जय भीम, काका," तिची आई दीपमाला लगबगीनं बाहेर आली. "कार्ड धाडायचं ऱ्हायलंच बगा. फोटू काढून संगं धाडावं म्हनलं. आता लय शानी झालीया. पळनं न्हाई, दंगा न्हाई. दोन दिस झालं, नुसती गप बसती."

लालासाहेब खाली बसले. पोरीचं मनगट धरलं, घड्याळाकडं बघत पुरतं एक मिनिट मोजलं. छत्तीस. या वयाच्या पोरीची ऐंशीच्या घरात हवी. पुन्हा मोजलं. चौतीस.

"काका, ठीक हाय न्हवं पोरगी?"

"न्हाई," ते म्हणाले आणि पोरीला उचलून रस्त्याकडं पळाले. "रिक्षा बोलव, ताई. आत्ताच्या आत्ता!"

पळतानाही त्यांची बोटं तिच्या मनगटावरच होती. पुढचा ठोका यायला फार वेळ लागत होता.