बॅरिस्टरच्या फोटोला हार

"क्षमा असावी," असं म्हणून ते आधी उजव्या हाताची बाही कोटातून बोटभर बाहेर ओढायचे, मग डाव्या हाताची. तुमच्यापैकी जे चाळिशीच्या पुढे गेलेत त्यांना पुढचं सांगायला नको. टीव्हीवरचा बॅरिस्टर एवढं बोलला की समोरचा गुंड आडवा झालेला असायचा. विलायतेत शिकून आलेला, सूटबूट घालून गडकिल्ल्यांवर चोरीचा ऐवज शोधणारा, शत्रूची आधी माफी मागून मग ठोसा हाणणारा तो सभ्य गृहस्थ. किनवटकडच्या आमच्या गावात एकच टीव्ही होता. आम्ही पोरं ती मालिका बघून घरी जाताना एकमेकांना "क्षमा असावी" म्हणून बदडायचो.

मालिका संपली, तरी बॅरिस्टरचं काम करणाऱ्या साहेबांची ती सवय राहिली. फक्त ठोसा मुठीतून जिभेवर आला.

लोणावळ्याच्या बाजारात भाजे गावची एक मावशी भाजी घेऊन बसायची. साहेब तिच्यासमोर उभे राहायचे, बाह्या ओढायचे. "क्षमा असावी, मावशी. ही वांगी तुमच्याच वयाची का?"

"न्हाई आबा, तुमच्या. वरनं चकचकीत, आतनं किडल्याली."

साहेब खूश व्हायचे आणि तीच वांगी घ्यायचे. उलट मारणारा माणूस त्यांना आवडायचा. मार खाऊन गप्प बसणाऱ्याची मात्र त्यांना किळस यायची. मी त्या दुसऱ्या प्रकारातला.

मी तेव्हा लोणावळ्याजवळ कुसगावच्या एका हॉटेलात कपडे धुवायला आणि इस्त्रीला होतो. साहेब जवळच्याच इमारतीत एकटे राहायचे. बायको कधीच निघून गेली होती. का, ते विचारायची कुणाला गरज पडत नसे. ते आपले कोट माझ्याकडे आणायचे. पहिल्याच दिवशी विचारलं, "शिक्षण?"

"आठवी, साहेब."

"पास?"

"नाही, साहेब."

"म्हणजे सातवी. असो. आठवी ऐकायला बरं वाटतं."

झालं. आईबापांनी ठेवलेलं नाव त्या दिवशी गेलं. "आठवी, कोट." "आठवी, चहा." चारचौघांत, हॉटेलच्या मॅनेजरसमोर, एकदा तर माझी बायको फोनवर असताना, तिला ऐकू जाईल अशा आवाजात.

पण मी त्यांचं वाईट कोणत्या तोंडाने बोलू? हॉटेलने माणसं कमी केली तेव्हा पहिला मी गेलो. गावाकडे परतायचं म्हणजे काय तोंड घेऊन, ह्या विचाराने मला जेवण जात नव्हतं. तेव्हाच मुंबईची एक कंपनी बॅरिस्टरची मालिका नव्याने करायला कुसगावात उतरली होती. साहेब मला घेऊन त्यांच्या मॅडमपुढे उभे राहिले. मॅडम म्हणजे दिग्दर्शिका. वयाने साहेबांच्या नातीएवढ्या.

"कोटाला इस्त्री कशी करायची हे ह्या गाढवाला कळतं," साहेब म्हणाले. "बाकी काही कळत नाही, त्यामुळे तुमच्याकडे टिकेल."

त्या वाक्यावर मला कपडेपटात काम मिळालं. माझ्या मुलीची शाळा त्या वाक्यावर चालू आहे. आजही कुणी साहेबांना खवचट म्हातारा म्हणालं की मी मान डोलावतो, आणि मनात त्यांना हात जोडतो.

नव्या मालिकेत बॅरिस्टर अर्थातच नवा होता. साहेबांना त्यांनी सल्लागार नेमलं, आणि एक सीन देऊ केला. पहिल्या भागात म्हातारा बॅरिस्टर आरामखुर्चीत बसून आपली काठी पुतण्याच्या, म्हणजे नव्या बॅरिस्टरच्या, हातात देतो, असा. दीड पान संवाद. साहेबांनी तो असा पाठ केला की झोपेतही म्हटला असता. मी इस्त्री करत असलो की ते समोर खुर्ची टाकून बसायचे. "तू पुतण्या. तोंड बंद ठेव, म्हणजे आपोआप अभिनय होईल." आणि मग मला, म्हणजे माझ्या हातातल्या गरम इस्त्रीला, ते सगळं दीड पान ऐकवायचे. फार सुंदर बोलायचे हो. माझा एक शर्ट त्यापायी जळला.

एकदा बोलून झाल्यावर त्यांनी खुर्ची माझ्याजवळ ओढली. मग म्हणाले, "आठवी, नट दिसायचा बंद झाला की लोक त्याला मेलेला धरतात. एकदा दिसलं पाहिजे. एकदाच. मग खुशाल मरू."

नवा बॅरिस्टर नवलाख उंबरे गावचा होता. तिथल्या कारखान्यात मशीनवर काम करायचा आणि सुटीच्या दिवशी गडावर चढून मोबाइलवर व्हिडिओ टाकायचा. कड्यावर असा चढे की बघणाऱ्याने डोळे मिटून घ्यावेत. कंपनीने तेच बघून त्याला उचललं. मॅडमचं म्हणणं, आता बॅरिस्टर मातीतला हवा.

"मातीतला?" साहेब म्हणाले. "मग पाणी घाला, उगवेल."

पोराला बोलायला शिकवायचं काम साहेबांकडे होतं. शूटिंगच्या बंगल्याच्या व्हरांड्यात, सगळ्या युनिटसमोर ते चालायचं. वाक्य असं होतं: 'मी येणार नाही, असं आपल्याला वाटलं होतं, महाशय?'

"मी येनार न्हाई, असं..."

"क्षमा असावी." आधी उजवी बाही, मग डावी. "तोंडात जीभ आहे की चपलेचा तळ? पुन्हा."

"मी येनार..."

"येऊच नका. इथेच थांबा. पुन्हा."

युनिट हसायचं. मेकअपवाले हसायचे, लाइटवाले तर वरून हसायचे. पोरगा घामाघूम व्हायचा. कड्यावर न घाबरणारा तो, त्या व्हरांड्यात खांबाला धरून उभा राहायचा. कॅमेरा लागला की त्याला हमखास साहेब दिसायचे आणि वाक्य घशात अडकायचं. मग साहेब आमच्याकडे बघून दोन्ही हात पसरायचे, म्हणजे, बघा, मी सांगितलं नव्हतं? मला वाटतं, त्यांच्या मनात एक वेडी आशा होती. पोरगा मोडला, तर कंपनी कुणाकडे येईल? सत्तरी ओलांडलेल्या माणसाने असली आशा धरू नये, पण आरशासमोर सूट घालून उभं राहिलं की वय कुठे दिसतं? तो सूट मीच इस्त्री केलेला असायचा.

एके दिवशी पोराचा बाप शूटिंग बघायला आला. डोक्यावर टोपी, खांद्यावर नव्या इंद्रायणी तांदळाची पिशवी. सगळ्यांसाठी आणला होता. साहेबांपुढे वाकून म्हणाला, "आबा, तुमाला आमी लय बघितलंय. पोराला सांभाळून घ्या."

साहेबांनी बाह्या ओढल्या. मला वाटलं, आज तरी नको. पण त्यांना नको असं वाटायचंच नाही.

"क्षमा असावी. एक विचारायचं होतं. ह्याला लहानपणी बोलायला कुणी शिकवलं? गोठ्यातल्या बैलांनी?"

दोघंतिघं हसले. बापाला चिमटा लागलाच नाही. त्याने सरळ उत्तर दिलं. "व्हय की. आई लवकर गेली त्याची. मी दिसभर रानात. मग बैलांसंगंच बोलायचा. पन आबा, त्यांनी कदी हसू न्हाई केलं त्याचं."

  पोराने बापाच्या खांद्यावरची पिशवी उतरवली, स्वयंपाकघरात नेऊन ठेवली, आणि तिथून तो मॅडमकडे गेला. मी पडद्याच्या पलीकडे कपडे लावत होतो, सगळं ऐकू आलं.

"म्याडम, काठीच्या सीनला साहेब नगंत. त्यांच्या म्होरं माझी जीभ उचलत न्हाई. न्हाईतर मला सोडा."

निम्म्याच्या वर शूटिंग झालं होतं. पोराला सोडणं आता शक्य नव्हतं. म्हाताऱ्याला शक्य होतं.

दुसऱ्या दिवशी साहेबांना सांगण्यात आलं की जाहिरातीसाठी फोटो काढायचाय. त्यांनी काळा सूट मागवला. टाय मी बांधला. फोटोवाल्याला त्यांनी उजेड कुठून घ्यायचा ते शिकवलं, हनुवटी वर केली, आणि इतके गोड हसले की मला पहिल्यांदाच कळलं, माझी आई हा माणूस टीव्हीवर आला की पदर का सावरायची.

सीनच्या दिवशी ते सगळ्यांच्या आधी आले. मेकअप घरूनच करून. काठी स्वतःची. बंगल्याच्या दिवाणखान्यात शिरले आणि थांबले. आरामखुर्ची भिंतीला सरकवून रिकामी ठेवली होती. वर त्यांचा तोच फोटो, मोठा केलेला, चौकटीत. त्याला झेंडूचा हार. कपाळावर गंध. पुढे समई.

सगळ्यांनी एकदम मोबाइल काढले आणि त्यात बघायला लागले. साहेब माझ्याकडे वळले. "आठवी, हे कोण वारले?"

 मॅडम पुढे आल्या. "सर, स्क्रिप्टमध्ये थोडा बदल केलाय. बॅरिस्टर आधीच गेलेत. पुतण्या फोटोसमोर बोलतो. जास्त भिडतं ते."

साहेबांचा हात बाहीकडे गेला.  पण त्यांनी बाही सोडून दिली. फोटोकडे बघत म्हणाले, "हार डावीकडे उतरलाय. नीट करा." आणि मागे जाऊन मॉनिटरशेजारच्या प्लास्टिकच्या स्टुलावर बसले.

पोरगा फोटोपुढे उभा राहिला. साहेबांचं दीड पान आता त्याचं झालं होतं. बोलला, आणि काय बोलला! एक 'न्हाई' नाही, एक अडखळ नाही. डोळ्यांतून धार. पहिल्याच टेकला ओके. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. त्याला शिकवलेलं सगळं त्याला येत होतं; फक्त शिकवणारा मेलेला असायला हवा होता.

एवढ्यावर थांबलं असतं तर बरं. पण पुढच्या शूटिंगसाठी फोटो तसाच टांगलेला राहिला, आणि बंगल्यात झाडलोट करणारी बाई मावशीच्याच भाजे गावची होती. हार बघितला, समई बघितली, तिने गावात जाऊन सांगितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी साहेबांकडे कोट द्यायला गेलो, तर मागोमाग जिन्यात पावलं वाजली. भाजीवाली मावशी, तिच्याबरोबर गावातली चार माणसं. मावशीच्या हातात फडक्यात बांधलेलं पिठलं-भाकरी. गेलेल्याच्या घरात चूल पेटत नाही, म्हणून शेजाऱ्यांनी न्यायचं असतं, ते.

"कवा गेलं रं?" मावशीने मला विचारलं, आणि साहेब टॉवेल गुंडाळून न्हाणीतून बाहेर आले.

मावशीने जी किंकाळी फोडली ती खाली वॉचमनपर्यंत गेली. दोघं जण तर जिना उतरून पळाले. साहेबांना सगळं समजायला थोडा वेळ लागला. मग ते खुर्चीवर बसले, तसेच, टॉवेलात. "आलाच आहात तर बसा. काय बोलणार होतात ते बोला."

मावशीबरोबरचा म्हातारा टोपी चुरगाळत म्हणाला, "चांगला मानूस व्हता, म्हननार व्हतो."

"आणि खरं काय?"

मावशीचा थरकाप आता रागावर आला होता. "खरं? लय खवाट व्हता. पन यावं लागतंय मानसानं."

"घरात तर मी एकटा. मग भाकरी कुणासाठी आणलीत?"

मावशीने माझ्याकडे बोट केलं. "ह्यो हाय की तुमच्या मागं."

साहेबांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं, जसा काही मी आत्ताच जन्मलो. "हा? ह्याच्यापेक्षा बेवारस बरा." सगळे हसले. मग त्यांनी भाकरी मोडली, अर्धी माझ्या हातावर ठेवली, आणि अर्धी स्वतः खायला लागले. जित्याने आपल्या मरणाची भाकरी खाऊ नये म्हणून मावशी ओरडत राहिली. ते पिठल्यात मीठ कमी असल्याचं सांगत राहिले.

कुसगाव ह्या गोष्टीवर कित्येक दिवस हसलं. बाजारात पोरं त्यांना बघून हात जोडायची, "आबा, वर कसं हाय?" साहेब उलट बोलत नव्हते. हळूहळू त्यांनी बाजारात जाणंच सोडलं. मालिका सुरू झाली; त्यांनी बघितली की नाही, मला माहीत नाही.

थंडीत एका सकाळी मी गेलो तेव्हा दार उघडलं नाही. वॉचमनकडे किल्ली होती. साहेब खुर्चीवर होते, पायांवर शाल. डॉक्टर येऊन गेले, कागद देऊन गेले. नात्यातलं कुणी मला ठाऊक नव्हतं. कंपनीचा मुक्काम कधीच हलला होता; मी तेवढा सुटीवर कुसगावात होतो. मी मावशीला फोन लावला.

ती खळखळून हसली. "म्हाताऱ्याला सांग, ह्या खेपंला पिठलं न्हाई मिळायचं."

"मावशी, खरंच गेलेत हो."

"व्हय व्हय, खरंच," ती म्हणाली, आणि हसत हसतच फोन ठेवला.

मी त्यांना काळा सूट घातला. टाय बांधला. दार उघडं ठेवून बसलो, कुणी आलं तर यावं म्हणून. आणि लोक आले. जिन्यात आले, खाली रस्त्यावर उभे राहिले, शववाहिका लागली तेव्हा तर गर्दी झाली. कुणी आपल्या लेकराला खांद्यावर घेतलेलं, कुणी मोबाइल वर धरलेला. सगळ्यांची नजर आजूबाजूच्या खिडक्यांवर, गच्चीवर. "क्यामेरा कुटं लपवलाय रं?"

मी, वॉचमन, गाडीचा ड्रायव्हर आणि एक दूधवाला, असे चौघं साहेबांना घेऊन उतरलो. शेवटच्या पायरीवर माझा तोल गेला, साहेबांचं डोकं माझ्या खांद्याला लागलं, आणि मला काय झालं कळलं नाही. तिथेच बसून मी गळा काढून रडलो. गर्दीतले मोबाइल माझ्याकडे वळले.

मागून कुणीतरी शेजारच्याला हळूच म्हणालं, "ह्यो लय भारी करतोय. त्या पोरापरीस ह्यालाच घ्यायला पायजे व्हता."