खिळ्यावरची छोटी बांगडी

आमच्या पॅकहाऊसमध्ये तोंडाला मास्क, डोक्याला जाळीची टोपी, हातात ग्लोव्हज. उघडे असतात फक्त डोळे आणि कान. हात आठ तास द्राक्षांत, आणि कान एकमेकींच्या बोलण्यात! मास्कमधून धूळ गाळली जाते म्हणतात, पण गोष्टी काही गाळल्या जात नाहीत. सीझन संपेपर्यंत त्या इतक्या साठतात, की मी घरी पोळ्या लाटताना एकटीच हसते, आणि सासूबाई विचारतात, "काय गं, आज काय झालं?"

मी शिकलेली सातवीपर्यंत. माहेर कळवणचं, सासर निफाडजवळ. दीड वर्षाची मुलगी आहे, आरोही, म्हणजे आरू. कामावर माझं नाव कोणाला माहीत नाही. मी तिथे 'आरूची आई'.

* * *

पहिल्या दिवशी गेटवरच बांगड्या उतरवायला लावल्या. काच फुटून द्राक्षात गेली तर? सगळ्यांच्या बांगड्या पत्र्याच्या डब्यात. हात इतके हलके झाले, की ते माझे नाहीतच असं वाटायला लागलं.

दुपारी मला कोल्ड रूममध्ये पाठवलं. द्राक्षाचे बॉक्स तिथे रचून थंड करतात. आत गेले, आणि काय सांगू! पांढरं धुकं जमिनीवरून हळूहळू सरकत होतं. पंख्यांचा घूं घूं आवाज, जणू कोणीतरी लांबून अंगाई म्हणतंय. रात्रभर आरूनं जागवलं होतं मला. बॉक्सला पाठ टेकवली. पापण्या जड झाल्या. आता कुठे जरा शांत वाटतंय, असं मनात आलं...

तेवढ्यात कोणीतरी दंड धरून ओढत बाहेर उन्हात आणलं. ती शेवंतामावशी. पॅकहाऊसमधली सगळ्यात जुनी बाई. मी म्हटलं, "मावशी, जरा डोळा लागत होता."

मावशी म्हणाली, "घरी झोप आली तर ती तुझी. हितं आली तर ती थंडीची. तिला घ्यायची नाय!"

* * *

कोल्ड रूमच्या दाराशेजारी एक खिळा आहे. त्याचा किस्सा मी ऐकलेला आहे, पाहिलेला नाही.

मी यायच्या आधीच्या सीझनला मावशी आत बॉक्स मोजत होती. ट्रॉली ओढणाऱ्या किसनभाऊंनी पाहिलं, बाहेर सगळं शांत. त्यांनी दार लावून घेतलं आणि चहाला गेले. दार आतून उघडायचा दांडा बर्फानं घट्ट बसलेला. मोबाईलला आत रेंज नाही. मावशीनं दार बडवलं, पण पंख्यांपुढे कोणाला ऐकू जाणार?

किसनभाऊ दुसरी ट्रॉली घेऊन आले, तेव्हा दार उघडलं. मावशी दारातच उभी! भुवया पांढऱ्या झालेल्या.  मावशीनं त्यांना विचारलं, "चहा उरलाय का?"

दुसऱ्या दिवशी ती घरून खिळा आणि हातोडी घेऊन आली. आठवडे बाजारातून प्लास्टिकच्या बांगड्या आणल्या, प्रत्येकीचा रंग वेगळा. नियम एकच. आत जाताना आपली बांगडी खिळ्याला अडकवायची, बाहेर आल्यावर आपणच काढायची. खिळा मोकळा झाल्याशिवाय दार लागणार नाही.

आणि बांगडी काढायची विसरली तर? तर पुन्हा आत जायचं, शेवटच्या भिंतीला हात लावायचा, परत यायचं, मगच बांगडी काढायची.

मी मोठी बांगडी घेतली नाही. आरूला घट्ट होऊ लागलेली लाल बांगडी अडकवते. ती खिळ्यावर असली की माझ्या पोरीनं बाहेरून माझं बोट धरून ठेवलंय असं वाटतं.

* * *

आमचे सुपरवायझर देवरे सर. मनाचे वाईट नाहीत, पण कागदावर त्यांचा फार विश्वास. कोल्ड रूमच्या दाराला सुतळीनं बांधलेलं एक रजिस्टर आहे. कोण आत गेलं, कोण बाहेर आलं, सगळं ते लाल पेनानं लिहितात. खिळ्याकडे पाहून म्हणायचे, "हे काय, पॅकहाऊस आहे की कासाराचं दुकान?"

एकदा यमुनाच्या बोटाला कात्री लागली. यमुना सुरगाण्याकडची, सीझनपुरती येते. घडातले खराब मणी कात्रीनं काढताना बोट मध्ये आलं. पण बोललीच नाही बिचारी! घरी पाठवतील, आजचा दिवस जाईल, या भीतीनं ग्लोव्हजमध्ये बोट मुठीत धरून उभी. ग्लोव्हज लाल व्हायला लागला तेव्हा कळलं.

फर्स्ट एडची पेटी भिंतीवर, तिला कुलूप, आणि किल्ली सरांच्या खिशात. सर गेलेले नाशिकला! मावशीनं स्वच्छ फडकं बांधून यमुनाचा हात वर धरून ठेवला. तासाभरानं सर आले, घाईघाईनं पेटी उघडली. आत काय? एक संपलेली मलमाची ट्यूब आणि अर्धा पुडा चिवडा!

 सर कानापर्यंत लाल झाले आणि स्वतः गाडीवर बसवून यमुनाला दवाखान्यात घेऊन गेले. दुसऱ्या दिवशी पेटी भरलेली, कुलूप गायब.

मावशी त्यांना म्हणाली, "सर, चिवडा राहू द्यायचा व्हता. चक्कर आलेल्या बाईला कामी येतो."

* * *

कामावरची सवय घरी येते म्हणतात. माझ्या घरी ती रांगत रांगत आली.

एका रविवारी आरू सापडेना. सासूबाई मागच्या दारी, मी पाण्याच्या टाकीकडे धावले. टाकीचं झाकण लावलेलं होतं, तरी दोनदा उघडून पाहिलं.  घरात परत आले, तर कॉटच्या कोपऱ्याला तिची दुसरी लाल बांगडी अडकवलेली! खाली वाकून पाहिलं. बाईसाहेब कॉटखाली अंधारात मांडी घालून बसलेल्या, बाहुलीला थोपटत.

मी रोज संध्याकाळी सासूबाईंना खिळ्याच्या गोष्टी सांगत होते, आरू ऐकत होती म्हणायची!

सासूबाई म्हणाल्या, "तुझी पोरगी सांगून लपते गं!"

* * *

मग एकदा बाहेरून तपासणीचे साहेब आले. बूट पांढऱ्या पिशव्यांत घातलेले, हातात फाईल. सगळं पाहत पाहत खिळ्यापाशी थांबले. त्या दिवशी आत आम्ही चौघी होतो; बाहेरचं सगळं नंतर मावशीनं सांगितलं. हिरवी, पिवळी, निळी आणि माझी लाल. देवरे सर घामाघूम! कामाच्या जागी दागिना म्हणून शेरा पडतो की काय?

साहेबांनी विचारलं, "ये क्या है?"

सर काही सांगायच्या आत मावशी पुढे. "साहेब, ही हजेरी हाय. रजिस्टरात आत गेलेल्याची असती, ही बाहेर यायच्या राहिलेल्याची."

सरांनी कसंबसं हिंदीत सांगितलं.  साहेबांनी फाईल काखेत धरून खिशातून मोबाईल काढला आणि खिळ्याचा फोटो घेतला. आम्ही चौघी बाहेर येईपर्यंत तिथून हललेच नाहीत.

* * *

आता शेवटचा किस्सा. हा सांगताना अजून माझे हात गार पडतात.

मार्च संपत आला होता. त्या दिवशी सकाळपासून आरूला ताप. सासूबाई म्हणाल्या, "तू जा, मी बघते." गेले, पण जीव घरीच राहिला. दिवसभर द्राक्षाचा प्रत्येक घड हातात घेतला की तिची गरम मूठ धरल्यासारखं वाटायचं.

संध्याकाळी शेवटचे बॉक्स आत गेले. आमची गाडी गेटवर हॉर्न वाजवत होती. किसनभाऊंनी आतला मोठा दिवा बंद केला, दारावर हात ठेवला. रजिस्टरमध्ये सरांच्या लाल अक्षरात लिहिलेलं, 'सर्व बाहेर', खाली सही. सगळ्या बायका समोरच उभ्या. सर दिसत नव्हते. फोनवर बोलत ऑफिसात असतील असं वाटलं.

मावशी म्हणाली, "थांबा. खिळा मोकळा नाय."

पाहिलं तर छोटी लाल बांगडी. माझीच! घाईत काढायची राहिली होती. मी हात पुढे केला, तर मावशीनं हातावर चापट मारली.

"भिंत!"

"मावशी, आरूला ताप आहे. गाडी उभी आहे. आणि मी तर तुमच्यासमोर उभी आहे ना!"

"तू बाहेर हायेस ते दिसतंय मला. आत कोण नाय, हे कुठं दिसतंय?"

यमुनानं मास्कमधूनच हसू दाबलं. मला रडू येत होतं. किसनभाऊंनी कंटाळून दिवा पुन्हा लावला. मी आत गेले.

धुकं गुडघ्यापर्यंत आलं होतं. दोन्ही बाजूंना बॉक्सच्या उंच भिंती. चालताना पाय जमिनीला लागतायत की नाही ते कळेना. त्या घूं घूं आवाजात मला वाटलं, आरू रडतेय. मग वाटलं, नाही, हसतेय. डोळे मिटून दोन पावलं टाकली आणि शेवटच्या भिंतीला हात लावला. ग्लोव्हजमधूनही थंडी चावली.

वळले, आणि डावीकडच्या रांगेमागे एक बूट दिसला.

बुटात पाय होता! देवरे सर ओल्या फरशीवर पडलेले. घोट्यावर बॉक्सची अख्खी थप्पी कोसळलेली. एका हातात थर्मामीटर घट्ट धरलेला. रजिस्टर लिहून झाल्यावर त्यांना आठवलं होतं, टेम्परेचर बघायचं राहिलं. म्हणून कोणाचं लक्ष नसताना एकटेच आत आले होते. ओठ निळे पडलेले. ते कितीतरी वेळ हाका मारत होते, पण आवाज पंख्यांनी खाल्ला.

मला पाहिलं आणि पुटपुटले, "आरूच्या आई... दार लागलं का?"

मी म्हटलं, "नाही सर. माझी बांगडी राहिली होती."

मग मी जी ओरडत धावले! सगळे आत आले, बॉक्स उचलले, सरांना ट्रॉलीवर निजवून बाहेर काढलं. मावशीनं जेवणानंतर अंथरायची आपली गोधडी त्यांच्या अंगावर घातली. कोणीतरी दवाखान्याची गाडी बोलावली. सर थरथरत होते, दात वाजत होते. मावशीनं त्यांच्या अंगाखाली एक पोतं सरकवलं आणि किसनभाऊंकडे वळून विचारलं, "चहा उरलाय का?"

खिळ्यावरची बांगडी मी काढली तेव्हा ती माझ्या बोटांपेक्षा गरम लागली. घरी पोचले. आरूचा ताप उतरला होता. झोपेत तिची एक मूठ उघडी होती. तिच्यात बोट ठेवून मी तशीच बसून राहिले.

पंधरा दिवसांनी सर आले. पायाला प्लास्टर, काखेत कुबडी. डॉक्टरांनी सांगितलं होतं घरी बसा, पण सीझनचे शेवटचे बॉक्स होते, राहवलं नसेल. कुबडी टेकत कोल्ड रूमपाशी आले. खिळ्यावर फक्त माझी बांगडी होती. मी नुकतीच अडकवून ग्लोव्हज घालत होते.

सर थांबले. शर्टाचा खिसा चाचपला, पँटचा चाचपला. घड्याळ काढलं, पुन्हा घातलं. मग खिशातून लाल पेन काढलं आणि आरूच्या बांगडीत अलगद अडकवलं. पेन हळूहळू झुलत राहिलं. आम्ही दोघं आत निघालो.

मागून किसनभाऊंची हाक आली, "अहो सर! पेन हितं टांगलं, मग तुम्ही दोघं आत गेल्याचं रजिस्टरात लिहायचं कशानं?"

धुक्यातून सरांचा आवाज आला, "आम्ही बाहेर आल्यावर!"