गोल बाजारातली एक नंबरची बिलं

"हिले आत टाका साहेब, हिनंच माझं दुकान बुडवलं!"

गोल बाजारातला भांड्यांचा व्यापारी माझ्या टेबलापुढे असा ओरडला, की लॉकअपमधला पाकीटमार स्वतःचंच नाव निघालं समजून उभा राहिला. व्यापाऱ्याचं बोट होतं त्याच्या दुकानातल्या हिशेब ठेवणाऱ्या पोरीकडे. नोकरीत दरोडे पाहिले, खून पाहिले. पण अजून दचकून जाग येते ती त्या सकाळच्या आठवणीनं.

खबऱ्याची टीप होती, की भांड्यांसोबत बनावट बिलं फिरून राहिली आहेत. नाक्यावर सोमवारी एक टेम्पो अडवला, मंगळवारी दुसरा. माल वेगळा, गिऱ्हाईक वेगळं. दुकान तेच आणि बिलाचा क्रमांकही तोच: एक. गिऱ्हाइकांकडे झडती घेतली तर एक नंबरची इतकी बिलं निघाली, की पंचनामा लिहिता लिहिता हवालदाराचं पेन आटलं. मी हादरलो. अख्ख्या छत्तीसगडचा बनावट बिलांचा कारखाना हाती लागला, असंच वाटलं.

बिलांना सलग नंबर द्यायची पद्धत त्याच महिन्यात या पोरीनं बसवून दिली होती, म्हणून संशय तिच्यावर. गुन्हा दाखल झाला असता, तर तिला पुन्हा कोणत्या गल्ल्याजवळ कोणी उभं केलं नसतं. चौकशीत ती एवढंच म्हणे, "सर, मी नंबर लावून दिले. बिलं शेठजीच फाडतात. महिन्याचा हिशेब अजून माझ्याकडे आलाच नाही."

खोटं बोलणारा दर खेपेला गोष्ट थोडी सुधारतो. हिची गोष्ट तसूभर हलली नाही. म्हणून मी कलम लावायचं थांबवलं.

दुसऱ्या सकाळी साध्या कपड्यांत दुकानासमोर उभा राहिलो. माझ्या मिशा भिलाईपर्यंत ओळखीच्या, त्यामुळे गमछा नाकापर्यंत. शेठजीनं शटर उचललं, उदबत्ती लावली, कोरं बिलबुक कपाळाला टेकवलं आणि पहिल्या गिऱ्हाइकाला बिल फाडून दिलं. नंबर एक! काउंटरखाली पाहतो तर दोन-चार पानं फाडलेल्या बिलबुकांचा डोंगर.

"हे काय हो?" मी गमछा खाली ओढून विचारलं.

"काहून साहेब? बोहनीचं बिल एक नंबरचंच पाहिजे ना. कालचा दिवस काल गेला. आज लक्ष्मीले बेचाळीस नंबरनं आत घेऊ काय?"

मग पोरीवर आळ कशाला, असं विचारलं, तर म्हणतो कसा, "नंबर लावले की सगळं बरोबर होते, असं तीच म्हणाली होती. झालं नाही, तर चूक कोणाची?"

शेठजीला घेऊन ठाण्यात आलो आणि पोरीला हे सांगितलं. तिची नजर माझ्या टेबलावरच्या गुन्हे रजिस्टरवर गेली. "सर, तुमचाही पहिला गुन्हा दर वर्षी एक नंबरचाच असते ना? पुढे वर्ष लिहिता, म्हणून चालते. यांच्या नंबराआधी तारीख लावू. रोज एक येईल, पण तोच एक येणार नाही."

शेठजी लहान मुलासारखा खुलला. जुनी बिलं कर खात्याकडे गेली, दंडही त्यानंच भरला. मी मात्र तेव्हापासून कागदावर काय लिहिलंय हे पाहण्याआधी लिहिणारा सकाळी दुकान कसं उघडतो, ते पाहू लागलो.

त्या दिवशी निघताना शेठजीनं तिच्यापुढे हात जोडले. "दीदी, चुकलं माझं. उद्या सकाळी दुकानात ये."

"येईन," ती म्हणाली. "बोहनी झाल्यावर."