गुरुजींनी सांगितलेलं नाव

लढाई थांबली, बंदुका जमा झाल्या. डोंगरातून परतलेल्या बंडखोरांना छावणीत लिहायला-वाचायला शिकवणारं कोणीतरी हवं होतं. निवृत्त गुरुजी आपणहून गेले. बायको म्हणाली, "स्वतःचे गुडघे धड नाहीत, आणि निघाले जग सुधारायला!" खरं कारण तिलाही ठाऊक नव्हतं.

मागच्या बाकावर एक दांडगा माणूस पाय दुमडून कसाबसा मावला होता. गुरुजींनी त्याला पाहताक्षणी ओळखलं. लहानपणी तो त्यांच्याच शाळेत होता. इतका शाळा बुडवायचा की गुरुजी त्याला दांडीबहाद्दर म्हणत.

"ट्रक चालवायचाय, गुरुजी," तो म्हणाला. "परवान्याला वाचता यायला हवं. तेव्हाच तुमचं ऐकलं असतं तर!"

गुरुजी पाठ फिरवून फळा पुसू लागले. सोळा वर्षांपूर्वी बंदूकवाले शाळेत शिरले होते. 'एक पोरगा द्या, नाहीतर आम्ही निवडतो.' समोर बसलेल्या पोरांकडे बघून गुरुजींचा जीव तुटला, आणि जो वर्गात नव्हता त्याचं नाव त्यांनी सांगितलं. घराची खूणसुद्धा.

आता तो जोडाक्षरांशी कुस्ती खेळायचा. शाबासकी दिली की लाजायचा, आणि गुरुजींना मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. शेवटी एका दुपारी त्यांनी त्याला थांबवून सगळं सांगून टाकलं.

तो फळ्याकडे बघत म्हणाला, "मला वाटायचं, बाबांनीच दिलं. घरात खाणारी तोंडं फार होती. गावही त्यांना तेच म्हणायचं, पोरगा विकला म्हणून. आजारपणात त्यांनी तीनदा निरोप धाडला. मी गेलो नाही. गेल्या वर्षी वारले."

गुरुजींचे हात आपोआप जोडले गेले.

"ते नको," तो म्हणाला आणि निघून गेला.

आठ दिवस बाक रिकामा होता. गुरुजींना घास गोड लागेना. नवव्या दिवशी तो आला. नमस्कार नाही, चमत्कार नाही. "रस्त्यावरच्या खुणांचं पान राहिलंय," म्हणाला. ते शिकून झाल्यावर वही मिटत त्याने विचारलं, "मला सांगितलंत ते गावात सांगाल?"

रविवारी गुरुजी गावात गेले. सगळं ऐकून बायकोही सोबत आली. शाळेच्या पटांगणात लोक जमले, तेव्हा गुरुजींनी उभं राहून सांगितलं, "त्याच्या बापाने काही केलं नाही. नाव मी दिलं." कोणीतरी थुंकलं. त्याची आई पहिल्या रांगेत बसली होती. तिने पदर तोंडाला लावला आणि नवऱ्याला हाका मारत रडू लागली.

गुरुजी तिथेच उभे राहिले. त्यांना बसायला कोणी सांगितलं नाही.